‘दिसलाच नाही!’ : उपनगरांतला दुचाकीस्वार मोटारचालकाच्या नजरेतून का निसटतो?

प्रतिनिधी, मुंबई

अपघात होतो, गर्दी जमते, आणि मोटारीच्या चालकाच्या तोंडून जे पहिले वाक्य बाहेर पडते ते बहुधा ठरलेले असते : ‘तो दिसलाच नाही हो!’ जमलेल्यांना हे वाक्य निर्लज्जपणाचे वाटते. भर दुपार, सरळ रस्ता, मोटारसायकलवर बसलेला धडधाकट माणूस, पुढे पेटलेला दिवा. आणि हा गृहस्थ म्हणतो, दिसला नाही! फिर्यादीत मग ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून’ हे नेहमीचे शब्द येतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी लागते आणि प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या रांगेत जाऊन बसते. चालक मद्यधुंद असेल, मोटार परदेशी बनावटीची असेल किंवा त्याचे वडील कोणी बडे असतील, तर बातमी पहिल्या पानावर जाते. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात दुचाकीस्वाराला धडक देणारा चालक अनेकदा यांपैकी कोणीच नसतो. तो शुद्धीवर असलेला, परवानाधारक, घरी पोहोचण्याच्या घाईत असलेला सामान्य माणूस असतो.

त्याचे ते वाक्य खोटे आहे असे आपण धरून चालतो. रस्ते अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांचे गेल्या चार दशकांतील निष्कर्ष मात्र निराळेच सांगतात. तो पुष्कळदा खरे बोलत असतो. त्याने त्या दिशेला मान वळवून पाहिलेले असते, डोळ्यात मोटारसायकलची प्रतिमा उमटलेलीही असते, आणि तरी त्याला ती दिसलेली नसते. या विषयावरील इंग्रजी लिखाणात अशा चुकीला ‘पाहिले, पण दिसले नाही’ याच अर्थाचे नाव आहे. या नावामुळे चालक निर्दोष ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि ‘दिसला नाही’ हा तेथे बचाव होण्याऐवजी कबुलीजबाबच ठरण्याचा संभव अधिक. प्रश्न वेगळा आहे. चूक मुळात नजरेच्या घडणीतली असेल, तर दंडाच्या पावत्या आणि ‘वाहने सावकाश हाका’चे फलक तिला कितपत पुरे पडतील?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे शेकडा ४४.५, दुचाकीवर होते. २०१६ मध्ये हेच प्रमाण शेकडा ३५ च्या आसपास होते. यातला प्रत्येक बळी कोणाच्या नजरेतून निसटल्यामुळे गेला असे अर्थातच नाही. खड्डे आहेत, ओल्या डांबरावरून घसरणे आहे, स्वतः स्वाराचा बेफाम वेग आहे, डोक्यावर हेल्मेट नसणे आहे. तथापि मृतांमध्ये निम्म्याच्या जवळपास वाटा एकाच प्रकारच्या वाहनाचा असेल, तर त्या वाहनाकडे रस्त्यावरचे इतर लोक कसे पाहतात, हे तपासणे भाग आहे.

उपनगरांना दुचाकी का लागते?

मुंबईत नोंदल्या गेलेल्या वाहनांत निम्म्याहून अधिक दुचाकी आहेत, आणि त्यामागे हौसेपेक्षा भूगोल अधिक आहे. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे या दोन्ही वाटा उत्तर-दक्षिण धावतात. चर्चगेटला वा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायचे तर लोकल आहे. पण मुलुंडहून अंधेरीला किंवा घाटकोपरहून बोरिवलीला कामावर जाणाऱ्याने काय करायचे? दादरला उतरून फलाट बदलायचा आणि पुन्हा वर यायचे, म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजू चालून तिसरी गाठायची. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा पूर्व-पश्चिम प्रवासाला पहिला मोठा दिलासा मिळाला. परंतु ती मार्गावरच्या लोकांपुरतीच. पवई, साकीनाका, मरोळ, सीप्झ, कांजूरमार्ग या भागांत नोकरीसाठी येणाऱ्या हजारोंनी आपला मार्ग आपणच काढला. कर्ज काढून स्कूटर वा मोटारसायकल घेतली आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, अंधेरी-कुर्ला रस्ता, लालबहादूर शास्त्री मार्ग आणि दोन्ही द्रुतगती महामार्ग यांच्यावर ती उतरवली. त्यात गेल्या दहा वर्षांत घरपोच जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्या स्वारांची भर पडली. पाठीवर चौकोनी पेटी, हँडलला अडकवलेला फोन आणि मिनिटांत मोजलेली वेळ, असा हा नवा वर्ग आहे.

म्हणजे उपनगरातला मोटारचालक दुचाकीला अपरिचित नाही. तिच्या गराड्यातच तो रोज गाडी चालवतो. इथेच या विषयातले कोडे सुरू होते.

डोळा कॅमेऱ्यासारखा नसतो

परदेशी अभ्यासांत या प्रश्नाचा उगम सापडतो तो अमेरिकेत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी जवळपास दोनतृतीयांश प्रसंगांत त्या दुसऱ्या चालकाने मोटारसायकलस्वाराचा हक्काचा रस्ता अडवला होता, आणि त्याचे मुख्य कारण त्याला मोटारसायकल दिसली नाही वा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता, असे त्यांना आढळले. पुढे युरोपातील पाच देशांत १९९९-२००० मध्ये ९२१ अपघातांचा असाच तपशीलवार अभ्यास झाला. तिथेही दर तीन अपघातांपैकी एकाहून अधिक प्रसंगांत मूळ कारण हेच निघाले. दोन खंड, वीस वर्षांचे अंतर, आणि उत्तर एकच.

याचे कारण समजून घ्यायचे तर डोळा कसा पाहतो हे पाहावे लागते. समोरचे सगळे दृश्य आपल्याला एकसारखे स्पष्ट दिसते, हा आपला समज आहे. प्रत्यक्षात डोळ्याचा तीक्ष्ण दृष्टीचा भाग फारच लहान असतो. हात लांब करून अंगठा उभा धरला तर त्याच्या नखाएवढा, सुमारे दोन अंशांचा. उरलेले सारे अंधुक. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत दृश्य चाचपत राहतो, आणि दोन उड्यांमधल्या क्षणी मेंदू चित्र जवळपास बंदच ठेवतो. नाहीतर सारे जग सतत हलताना दिसले असते. गाळलेली जागा तो आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो. सिग्नल नसलेल्या वळणावर चालक घाईघाईने उजवीकडे-डावीकडे मान फिरवतो तेव्हा दोन उड्यांमध्ये बस सापडते, मालमोटार सापडते. पाऊण मीटर रुंदीची मोटारसायकल मात्र मधल्या फटीत राहून जाऊ शकते.

त्यातच दुचाकी समोरून सरळ येत असेल तर आणखी एक अडचण उद्भवते. सरळ आपल्याकडे येणारी वस्तू दृश्यात आडवी सरकत नाही. ती एकाच ठिकाणी राहून फक्त वाढत जाते, आणि तीही सुरुवातीला अतिशय हळू. साठ मीटरवर मोटारसायकल अंगठ्याच्या नखाच्या निम्म्याहूनही कमी रुंद दिसते. तीस मीटरवर ती दुप्पट, पंधरावर चौपट होते, आणि मग एकाएकी अंगावर येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने हे शेवटचे पंधरा मीटर पार करायला एक सेकंदही लागत नाही. लहान वस्तू दूर आणि संथ वाटते, मोठी जवळ आणि वेगवान वाटते, हेही प्रयोगांनी दाखवले आहे. सारख्याच वेगाने येणाऱ्या मोटार आणि मोटारसायकलीपैकी मोटारसायकल उशिरा पोहोचेल असे लोक सांगतात. म्हणजे ती दिसली तरी ‘अजून वेळ आहे’ असे वाटून चालक गाडी पुढे काढतो. ‘हा कुठून आला?’ हा त्या नंतरचा उद्गार.

मोटारीच्या बांधणीचाही यात हात आहे. पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना असलेले खांब अलीकडे जाड झाले आहेत, कारण गाडी उलटली तर छत दबू नये. दहा सेंटिमीटर रुंदीचा खांब डोळ्यांपासून पाऊण मीटरवर असेल, तर दोन्ही डोळे उघडे असतानाही वीस मीटर अंतरावर साधारण एक मीटर रुंदीची पट्टी त्यामागे झाकली जाते. हा साध्या त्रैराशिकाचा हिशेब आहे. कोणीही घरी कागदावर मांडून पाहावा. एक मीटरमध्ये मोटार लपू शकत नाही, मोटारसायकल मात्र स्वारासकट लपते. आणि मोटार वळणावर हळूहळू पुढे सरकत असेल व मोटारसायकल तिकडून येत असेल, तर दोघांची गती जुळून ती कित्येक क्षण त्या खांबाच्या मागेच राहू शकते. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी.

यापलीकडचे कारण मेंदूत आहे. १९९९ मध्ये हार्वर्डमधील दोघा मानसशास्त्रज्ञांनी, डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांनी, एक प्रयोग केला. चेंडू किती वेळा फेकला गेला ते मोजा, असे सांगून लोकांना चित्रफीत दाखवली. मधेच गोरिलाचा पोशाख केलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली, छाती बडवून निघूनही गेली. जवळपास निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. ऑस्ट्रेलियातील क्रिस्टन पॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना रस्त्यावर आणली. त्यांनी लोकांना रस्त्यांची छायाचित्रे दाखवून ‘येथे गाडी चालवणे सुरक्षित आहे का’ असे विचारले. शेवटच्या छायाचित्रात न सांगता एक जादा वाहन घातले होते. ते टॅक्सी असेल तर शेकडा ३१ जणांच्या लक्षात आले नाही, मोटारसायकल असेल तर शेकडा ६५ जणांच्या. यातील सहभागींना कोणताही वेग गाठायचा नव्हता, मागून कोणी भोंगा वाजवत नव्हते, रिक्षा आडवी येत नव्हती.

संशोधकांचे स्पष्टीकरण असे की मेंदू ज्याची अपेक्षा करतो त्यालाच आधी जागा देतो, आणि मोटारसायकल ही युरोप-ऑस्ट्रेलियातल्या चालकाच्या अपेक्षेत नसते. तेथे ती दुर्मीळ आहे. ती शोधण्याची सवय त्याच्या नजरेला नाही. इटलीतील अभ्यासकांनी २००६ मध्ये त्याच युरोपीय आकडेवारीवरून दाखवले की ज्या मोटारचालकांकडे मोटारसायकलचाही परवाना आहे, ते अशा टकरींना कमी प्रमाणात जबाबदार असतात. स्वतः चालवली असेल तर दुसऱ्याची दिसते, असा याचा अर्थ.

मुंबईत मात्र हे स्पष्टीकरण अर्धेच लागू पडते. आपल्या मोटारचालकांतील कितीतरी जण आधी दुचाकीवर होते. ज्या शहरात वाहनांत निम्म्याहून अधिक दुचाकी आहेत, तेथे ती दुर्मीळ असल्यामुळे दिसत नाही असे म्हणणे हास्यास्पद होईल. माझ्या मते येथे गफलत वाहनाच्या अपेक्षेत नाही, जागेच्या अपेक्षेत आहे. दुचाकी येणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. कुठून येणार, हे कोणालाच ठाऊक नसते. ती डाव्या बाजूने, पदपथाच्या कडेकडेने येते. दोन बसच्या मधून येते. उड्डाणपुलाच्या उतारावर शेवटच्या क्षणी मार्गिका बदलते. उलट दिशेनेही येते, कारण दुभाजकातली पुढची फट अर्धा किलोमीटर लांब असते. जी वस्तू कुठूनही येऊ शकते तिच्यासाठी नजर कुठेच थांबत नाही. मग चालकाची नजर मोठ्या धोक्यांवर खिळते : बेस्टची बस, सिमेंट मिक्सर, पुढची मोटार. दुचाकी त्या दृश्याच्या पार्श्वभूमीत जाते, जशी पावसाळ्यात छत्री.

साडेदहा किलोमीटर, पाच सापळे

जोगेश्वरीहून निघून पवईमार्गे गांधीनगर जंक्शनपर्यंत संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान जाऊन पाहावे. साडेदहा किलोमीटरचा हा जोडरस्ता म्हणजे वर सांगितलेल्या साऱ्या त्रुटींचे प्रदर्शन आहे. सीप्झच्या बाजूने येणारी मोटार मुख्य रस्त्यात शिरताना उजवीकडे पाहते, कारण वाहतूक तिकडून येते. त्याच वेळी तिच्या डाव्या कडेने एक स्कूटर पुढे सरकलेली असते. मोटार वळते, स्कूटर मधे सापडते. बस थांब्याशी बस डावीकडे दाबली जाते तेव्हा बस आणि पदपथ यांच्यामध्ये दुचाकी असते. चालक उजव्या बाजूला बसतो आणि बसच्या डाव्या पुढच्या कोपऱ्याखालचे त्याला आरशाशिवाय दिसत नाही. रिक्षावाला प्रवासी पाहून एकदम डावीकडे घेतो. उभ्या मोटारीचे दार उघडते. अंधेरीच्या स्वामी विवेकानंद मार्गावर या उघडणाऱ्या दारांनी स्वारांना जितके घाबरवले असेल तितके खड्ड्यांनीही नसेल.

खड्ड्यांचा विषय निघालाच आहे. याच जोडरस्त्यावर २०१५ च्या जुलैत खड्ड्यामुळे झालेल्या दुचाकी अपघातात आपला मुलगा गमावल्यानंतर अंधेरीचे दादाराव बिल्होरे स्वतः फावडे घेऊन खड्डे बुजवू लागले, हे मुंबईला माहीत आहे. खड्ड्याचा एक परिणाम कमी बोलला जातो. पुढे खड्डा दिसताच दुचाकीस्वार हँडल वळवतो. मागच्या मोटारचालकाला दुचाकी दिसत असते, खड्डा दिसत नसतो; कारण तो दुचाकीच्याच पुढे असतो. त्यामुळे ती अचानक आडवी का आली हे त्याला कळत नाही. येथे स्वार दिसूनही त्याची पुढची हालचाल दिसत नाही. परिणाम एकच.

पावसाळ्यात परिस्थिती आणखी बिघडते. आपल्याकडे मिळणारे बहुतेक रेनकोट काळे, गडद निळे किंवा चॉकलेटी. हेल्मेटही बहुधा काळेच. आरशांवर पाणी, काचेवर वाफ, समोरच्या गाडीच्या दिव्यांची ओल्या रस्त्यावरची लकाकी. त्यात एक काळा ठिपका. सर आली की पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांवरच्या उड्डाणपुलांखाली पंचवीस-तीस दुचाकीस्वार एकदम आडोशाला थांबतात आणि एक मार्गिका अडते. उजेडातून अंधारात शिरणाऱ्या मोटारचालकाच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात तो त्या घोळक्यापाशी पोहोचलेला असतो. मेट्रोच्या कामासाठी लालबहादूर शास्त्री मार्गावर आणि इतरत्र वर्षानुवर्षे उभे राहिलेले पत्रे हा आणखी एक आडोसा. पत्र्याच्या फटीतून बाहेर येणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी कोण आहे, हे मुख्य रस्त्यावरच्या दोघांनाही दिसत नाही.

दुचाकीस्वारांची बाजू घेताना त्यांचा दोष झाकण्याचे कारण नाही. आरसे दुमडून ठेवणे किंवा काढूनच टाकणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. रहदारीत फट दिसली की शिरायचे, ही दुसरी. मोठ्या वाहनाच्या डाव्या कुशीत घुसलेला स्वार स्वतःच आपल्याला अदृश्य करून घेत असतो. मात्र एक फरक लक्षात ठेवायला हवा. चूक कोणाचीही असली तरी तिची किंमत जवळजवळ नेहमी दुचाकीवरचाच मोजतो. मोटारीला पोचा येतो, त्याला व्हीलचेअर.

उपाय : आधीचे आणि नंतरचे

आपल्या वाहतूक धोरणाचा बहुतेक भर धडकेनंतर काय होईल यावर आहे. हेल्मेट त्यातले सर्वांत मोठे. त्याची गरज वादातीत आहे. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे शेकडा ४० आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे शेकडा ७० कमी होतो. मुंबई वाहतूक पोलिसांनी जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे केले, हेही योग्यच झाले. परंतु हेल्मेटचे काम टक्कर झाल्यावर सुरू होते. टक्कर होण्याआधी स्वार दिसावा यासाठी काय केले, असे विचारले तर यादी आखूड आहे.

यादीतली पहिली नोंद दिव्याची. १ एप्रिल २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप पेटतो. सुरुवातीला सिग्नलवर ‘दिवा चालू आहे’ म्हणून हाताने खूण करणारे भले लोक पुष्कळ भेटत. मलेशियाने १९९२ मध्ये दिवसा दिवा सक्तीचा केला होता आणि तेथे न दिसल्यामुळे होणाऱ्या मोटारसायकल अपघातांत सुमारे शेकडा २९ घट नोंदली गेली. आपल्याकडे त्याच धर्तीच्या घटीची अपेक्षा होती. देशातील मृतांमध्ये दुचाकीस्वारांचा वाटा त्यानंतरही वाढला. अर्थात दुचाकींची संख्याही वाढली, त्यामुळे दिवा निरुपयोगी ठरला असा निष्कर्ष काढता येणार नाही. पण आता मोटारींनाही दिवसा पेटणारे दिवे आले आहेत. दिव्यांच्या गर्दीत एक दिवा पूर्वीइतका उठून दिसत नाही, हे रस्त्यावर कोणालाही जाणवेल.

दुसरा उपाय कपड्यांचा, आणि तो जवळजवळ फुकट आहे. न्यूझीलंडमधील एका मोठ्या अभ्यासात, जो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला, चमकदार वा प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालणाऱ्या स्वारांना अपघातातील दुखापतीचा धोका शेकडा ३७ कमी, आणि काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट वापरणाऱ्यांना शेकडा २४ कमी आढळला. हजारो स्वारांच्या जिवावर व्यवसाय करणाऱ्या घरपोच सेवा कंपन्यांनी आपल्या गणवेशाचा रंग ठरवताना ब्रँडइतकाच हा आकडाही पाहिला तर बिघडणार नाही. रेनकोट बनवणाऱ्यांनाही पाठीवर एक परावर्तक पट्टी शिवायला फार खर्च येत नाही.

यापुढची जागा परवान्याची. अंधेरी, बोरिवली आणि वडाळा येथील परिवहन कार्यालयांतून या उपनगरांतले बहुतेक परवाने निघतात. शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून महाराष्ट्रात घरबसल्या संगणकावर देता येते. प्रश्न असतात ते चिन्हांचे आणि नियमांचे. ब्रिटनने २००२ मध्ये परवान्याच्या परीक्षेत चित्रफिती दाखवून धोका ओळखण्याची स्वतंत्र चाचणी घातली : गल्लीच्या तोंडाशी काय हलले, उभ्या बसच्या पुढून कोण येऊ शकेल, ते उमेदवाराने वेळेत टिपायचे. आपण उमेदवाराला पाटीचा अर्थ विचारतो, रस्त्याचा विचारत नाही. डोळ्यांत तेल घालून गाडी चालवा असे सांगणे सोपे आहे. ते तेल नेमके कोणत्या दिशेला बघताना घालायचे, हे शिकवावे लागते. मोटार शिकवणाऱ्या शाळांतून वळण्यापूर्वी डावा आरसा पाहायला, पुढच्या खांबामागे काय आहे ते डोके किंचित पुढे-मागे करून तपासायला आणि दार उघडण्यापूर्वी मागे वळून पाहायला कितीजण शिकवतात?

मोठ्या वाहनांचा प्रश्न शिकवण्याने सुटणारा नाही. लंडनने २०२१ पासून १२ टनांहून जड मालमोटारींना, चालकाला आसनावरून प्रत्यक्ष किती दिसते हे मोजून तारे देण्यास सुरुवात केली. कमी तारे असतील तर जादा आरसे, कॅमेरे बसवल्याशिवाय शहरात प्रवेश नाही. मुंबईत पुनर्विकासाच्या प्रत्येक जागेवर डंपर आणि सिमेंट मिक्सर रोज येतात-जातात. महापालिका बांधकामाची परवानगी देताना धुळीच्या अटी घालते, तशी ही अट घालणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. मोटारींच्या काचांवरच्या काळ्या फितींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. संध्याकाळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर उभे राहिले तर तिचे पालन किती होते ते दिसते.

उरतो वेग आणि उरते जागा. न दिसण्याची चूक पूर्णपणे कधीच जाणार नाही, हे मान्य केले तर ती घडल्यावर सावरायला वेळ देणे एवढेच हाती राहते. कोरड्या डांबरावर, दीड सेकंद प्रतिक्रियेला धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी थांबायला सुमारे ४८ मीटर लागतात. ताशी ४० ला सुमारे २७. मधले २१ मीटर म्हणजे आठ रिक्षा एकामागे एक उभ्या केल्या तर होणारे अंतर. चौकांच्या आधी, सर्व्हिस रोडच्या तोंडांशी आणि अमर महलसारख्या गुंतागुंतीच्या जंक्शनवर हे अंतर मिळवून देणे हे रस्त्याच्या बांधणीचे काम आहे, भित्तिपत्रकांचे नव्हे.

जागेचा प्रश्न अधिक अवघड. मलेशियात क्वालालंपूरजवळच्या महामार्गावर १९७० च्या दशकापासून मोटारसायकलींसाठी वेगळी मार्गिका आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने जानेवारी २०२२ मध्ये दोन मार्गिकांच्या मधला, जेथून मोटारसायकली अशाही जातच होत्या, तो पट्टा निळ्या रेषांनी आखून दिला. त्यामुळे मोटारसायकलींचा वेग वाढल्याची टीका तेथेही झाली आहे, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. पण मागची कल्पना आपल्या कोड्याच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवणारी आहे : दुचाकी कुठून येईल ते चालकाला आधी ठाऊक असावे.

मुंबईने आजवर या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते दुचाकीला नव्या रस्त्यांवर न घेण्याचे. वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९), पूर्व मुक्त मार्ग (२०१३), २०२४ मध्ये खुले झालेले अटल सेतू आणि सागरी किनारा मार्ग, या चारही ठिकाणी दुचाकीला मज्जाव आहे. वेगवान वाहतुकीत हलके वाहन नको, हा त्यामागचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. मात्र बंदी घातल्याने तो स्वार घरी बसत नाही. तो जुन्या रस्त्यावर, बस आणि मालमोटारींच्या मधे राहतो.

आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता होत आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जुळ्या बोगद्यांनी जाणारा हा सुमारे बारा किलोमीटरचा रस्ता म्हणजे ज्या पूर्व-पश्चिम प्रवासाने उपनगरी माणसाला दुचाकीवर बसवले, त्याच प्रवासाचा रस्ता. दुसरीकडे राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये विजेवर चालणाऱ्या बाइक टॅक्सींना मान्यता दिली. म्हणजे मागच्या आसनावर यापुढे घरचे माणूसच असेल असे नाही, आणि इंजिनाचा आवाज, ज्यावरून मोटारचालकाला निदान कानाने चाहूल लागत असे, तोही नसेल. या जोडरस्त्यावर दुचाकीला प्रवेश द्यायचा असेल तर बोगद्याच्या तोंडाशी, उजेडातून अंधारात शिरताना, तिची मार्गिका कोणती, हे रंगाचा डबा उघडण्यापूर्वी ठरवावे लागेल. द्यायचा नसेल, तर मुलुंडचा स्वार गांधीनगरच्या सिग्नलवर आज उभा आहे तेथेच, बसच्या डाव्या कोपऱ्याखाली, उभा राहील.